लेकीने नोकरी विचारून घ्यावी



मृग जवळ आला की आम्ही विस्ताराचे काम करणारी माणसे गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगत असतो. घरचे सोयाबीन पेरणार असाल तर आधी शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवडाभराने किती उगवले ते पाहा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरायच्या लायकीचे. विकतचे घेणार असाल तर पक्की पावती मागा आणि पिशवी व टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तीस वर्षे मी हे सांगत आलो. आता ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आज मात्र मी बियाण्याचे सांगायला बसलेलो नाही. आज सांगायचे आहे ते आपल्या लेकींच्या नोकरीविषयी.

आपल्या गावांतल्या पुष्कळ मुली आता नर्सिंगला जातात. कोणी दोन वर्षांचे ए.एन.एम. करते, कोणी तीन वर्षांचे जी.एन.एम., कोणी चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. फीसाठी कोणी म्हैस विकतो, कोणी सोसायटीचे कर्ज काढतो. मुलगी पास होते, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिच्या नावाची नोंदणी होते आणि मग नोकरीची धडपड सुरू होते. सरकारी जागा थोड्या, त्यामुळे पहिली पायरी बहुधा तालुक्याच्या किंवा शहरातल्या खासगी दवाखान्याची. तिथून मुलाखतीचे बोलावणे आले की मुलीचे वडील मला गाठतात आणि म्हणतात, "साहेब, पोरीला काय काय विचारतील हो?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. पण पोरीने तिथे काय विचारावे, हे आजवर मला एकाही बापाने विचारलेले नाही. आणि दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? मी स्वतःही तो विचार केला नव्हता.

माझी चूक

आमची थोरली जी.एन.एम. झाली, त्याला आता आठ वर्षे झाली. जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तिची मुलाखत होती. मी सोबत गेलो आणि मेट्रनबाईंच्या समोर मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. बाईंनी तिला ताप, नाडी, सलाईन असे जुजबी विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "तुला काही विचारायचं आहे का?"

मुलीने तोंड उघडले. तेवढ्यात मीच बोललो, "काही नाही मॅडम, तुम्ही द्याल ते काम करील. पोर कष्टाळू आहे." बाई हसल्या, नोकरी पक्की झाली आणि मी पेढे घेऊन घरी आलो.

बाराव्या दिवशी तिला रात्रपाळीला एकटी ठेवले. एकोणीस रुग्ण, ती आणि एक मावशी. डॉक्टर घरी, फोनवर. पुढे एका रात्री इंजेक्शन देताना रुग्ण हलला आणि वापरलेली सुई तिच्या बोटात गेली. अशा वेळी काय करायचे, कोणाला सांगायचे, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. रात्री अडीचला तिचा मला फोन आला. सकाळी तिला घेऊन मी सरकारी जिल्हा रुग्णालयात गेलो. तिथे औषध सुरू झाले. शेवटची तपासणी निर्दोष येईपर्यंत सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत आमच्या घरी कोणी पोटभर जेवले नाही.

नोकरी सोडावी म्हटले, तर तिची मूळ प्रमाणपत्रे दवाखान्याच्या कपाटात. दोन महिन्यांचा पगार सोडून दिला, तेव्हा ती हातात आली. परतताना एस.टी.मध्ये ती मला म्हणाली, "आण्णा, त्या दिवशी मला एवढंच विचारायचं होतं, रात्री माझ्यासोबत कोण असेल म्हणून."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बियाण्याच्या पिशवीची पावती मागा म्हणून गावोगाव ओरडणाऱ्या माणसाने आपल्या पोरीला एक प्रश्न विचारू दिला नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून एका वहीत प्रश्न लिहून काढले. पुढच्या मुलाखतीला ती वही तिच्या हातात होती आणि मी दाराबाहेर बाकावर होतो. त्या वहीतलेच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न रुग्णांचा

सुरुवात पगारापासून करू नये. रुग्णांपासून करावी. प्रश्न असा : "मॅडम, काल रात्री या वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती सिस्टर होत्या?"

'काल रात्री' हे शब्द महत्त्वाचे. 'तुमच्याकडे किती रुग्ण असतात' असे विचारले तर उत्तर गोल येते. कालचे विचारले तर आकडा येतो. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे आहे, की साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. लहान दवाखान्यांत हे प्रमाण पुष्कळदा पाळले जात नाही, हे खरे. तरी आपण मापाच्या किती जवळ आहोत ते कळले पाहिजे. दहा रुग्णांना एक सिस्टर ही ओढाताण आहे. वीस रुग्णांना एक नवखी सिस्टर हा रुग्णांच्या आणि तिच्याही जिवाशी खेळ आहे.

त्याला जोडून आणखी दोन प्रश्न विचारावेत. "रात्री डॉक्टर दवाखान्यात असतात की फोनवर?" आणि "फोनवर औषध सांगितलं, तर ते कागदावर लिहून सही कोण करतं आणि कधी?" हा दुसरा प्रश्न लहान वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. उद्या काही उलटसुलट झाले, तर ज्याची सही नाही तो मोकळा राहतो आणि जिने सुई दिली ती अडकते.

नवखीला कोण शिकवणार?

नवा बैल पहिल्याच दिवशी एकटा नांगराला जुंपत नाहीत. शिकलेल्या बैलाच्या जोडीला लावतात. दवाखान्यातही तशीच रीत हवी. म्हणून विचारावे : "सुरुवातीला किती दिवस मी जुन्या सिस्टरच्या हाताखाली असेन? पहिली रात्रपाळी केव्हा लागेल?"

काही ठिकाणी आज साध्या वॉर्डात, उद्या शस्त्रक्रियेच्या खोलीत, परवा अतिदक्षता विभागात असे पाठवतात. तेव्हा "दुसऱ्या विभागात पाठवण्याआधी तिथलं काम शिकवतात का?" हेही विचारावे. आणि धीर करून आणखी एक विचारावे : "एखादीच्या हातून औषधाची चूक झाली, तर इथे काय करतात?" चांगल्या मेट्रनबाई सांगतील, की ताबडतोब डॉक्टरांना कळवायचे, रुग्णाकडे लक्ष ठेवायचे, घडले ते लिहून ठेवायचे आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून सगळ्यांना समजवायचे. "इथे चुका होतच नाहीत" असे उत्तर आले, तर चुका लपवल्या जातात असे समजायला हरकत नाही.

ड्यूटीचे तास

"पाळी किती तासांची? आठवड्याची सुटी ठरलेली असते का? महिन्यात किती रात्री लागतात? पाळ्यांचा तक्ता किती दिवस आधी लावतात?" हे चार प्रश्न एका दमात विचारता येतात. पण खरा प्रश्न पुढे आहे : "माझ्यानंतरची सिस्टर आली नाही, तर मी काय करायचं?"

सिस्टर लोकांची रीत अशी, की ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे प्रत्येक रुग्णाची हकीकत पुढच्या पाळीच्या सिस्टरला सांगितल्याशिवाय, वॉर्ड सोडायचा नाही. ही रीत चांगली आहे. पण पुढची आलीच नाही तर सोळा सोळा तासांची दुहेरी पाळी पडते. ती महिन्यातून किती वेळा पडते, तिचे पैसे मिळतात की बदली सुटी मिळते, हे आधी कळले पाहिजे.

पगाराचे बोलणे

पगाराचे विचारायला लाजू नका. मात्र 'पगार किती' एवढ्यावर थांबू नका. "सगळं कापून हातात किती येतील? पैसे बँकेत जमा होतात का आणि कोणत्या तारखेला?" असे विचारा.

कापले जाते ते सगळे वाईट नसते, हेही ध्यानात घ्या. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. त्यात नोकराच्या पगारातून कपात होते आणि मालकालाही आपला वाटा भरावा लागतो. दहा किंवा अधिक माणसे असतील, तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. २०१७ साली त्यासाठी पगाराची मर्यादा दरमहा २१,००० रुपये केली गेली. "निधीचा आणि विम्याचा माझा नंबर कधी मिळेल?" असे विचारले, की पैसे खरोखर भरले जातात की नुसतेच कापले जातात, याचा अंदाज येतो.

पगार किती असावा? सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी परिचारिकेइतका असावा. ही शिफारस आहे. ती दाखवून भांडायला जाऊ नका, पण आपल्या कामाची किंमत काय धरली गेली आहे, हे मनाशी असू द्या.

कागद पक्का हवा

प्रमाणपत्रांच्या बाबतीत आमच्यासारखे फसू नका. मूळ प्रमाणपत्रे आणि नोंदणीचा कागद दाखवायला न्यावेत, त्यांच्या नकला द्याव्यात आणि मूळ कागद घेऊन घरी यावे. "ओरिजिनल जमा करावे लागतात का?" हे आधीच विचारा. "हो" म्हणाले तर नम्रपणे सांगा, "मॅडम, पडताळणीसाठी हवे तितक्या वेळा आणून दाखवते, पण ठेवून जाता येणार नाही."

मग विचारा, "नेमणूकपत्र केव्हा मिळेल? बाँड आहे का? नोकरी सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं? अनुभवाचा दाखला मिळतो ना?" २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. तेव्हा कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. बाँड असेल तर तो घरी आणून सावकाश वाचावा आणि मगच सही करावी. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर कधीच करू नये.

आणि एक. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर तिथूनच माघारी फिरा.

जिवाचे आणि अब्रूचे प्रश्न

सुई टोचण्याचा प्रश्न आमच्या वहीत तांबड्या शाईने लिहिलेला आहे : "वापरलेली सुई टोचली तर इथे काय करतात?" योग्य उत्तर काय, ते तुम्हीही माहीत करून घ्या. जखम दाबायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे आणि लगेच वरिष्ठांना सांगायचे. एच.आय.व्ही.पासून बचावाचे औषध लागणार असेल, तर ते शक्यतो दोन तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू झाले पाहिजे. ते २८ दिवस घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयात ते मिळते. काविळीच्या बी प्रकाराची लस तर नोकरीच्या आधीच टोचून घ्यावी. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. "ही लस दवाखाना देतो का?" असेही विचारता येते.

दुसरा प्रश्न आगीचा. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागून दहा बाळे दगावली. ती बातमी ऐकून आपण सगळे हळहळलो होतो. "आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता? आग विझवण्याचं नळकांडं वापरायला शिकवतात का?" हा प्रश्न विचारणारी मुलगी स्वतःपुरते पाहत नसते. तिच्या हवाली केलेल्या रुग्णांचा तो प्रश्न असतो.

तिसरा नातेवाइकांचा. रुग्ण दगावला की काही वेळा माणसे भान विसरून सिस्टरच्या अंगावर धावून जातात. महाराष्ट्रात २०१० सालापासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा कागदावर असतो आणि रात्री दोनला दारात माणूस लागतो. म्हणून विचारावे, "रात्री पहारेकरी असतो का? गडबड झाली तर पहिला फोन कोणाला करायचा?"

चौथा प्रश्न बायकांच्या अब्रूचा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. "समितीवर कोण आहे?" एवढे विचारले तरी पुरते. राहायची खोली कुठे आहे, तिथे आणखी कोण राहते, रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय काय, हेही विचारून घ्यावे. लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीने बाळंतपणाच्या रजेचे विचारावे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिलेली आहे.

विचारावे कसे?

एवढे सगळे प्रश्न एका बैठकीत विचारले, तर मेट्रनबाईंना वाटेल की ही नोकरीला आली की तपासणीला! म्हणून आपल्याला सर्वांत महत्त्वाचे असे सहा-सात निवडावेत आणि वहीत लिहून न्यावेत. आधी त्यांचे प्रश्न संपू द्यावेत. मग म्हणावे, "मॅडम, काम नीट करता यावं म्हणून थोडं विचारू का?" रुग्ण आधी, शिकणे नंतर, मग पाळ्या आणि शेवटी पगार व कागद, असा क्रम ठेवावा. आवाज मऊ असावा, पण प्रश्न पूर्ण विचारावा. उत्तर समोरच लिहून घ्यावे. काही गोष्टी मेट्रनबाईंच्या हातात नसतात, मालक डॉक्टर ठरवतात. "हे डॉक्टरांना विचारून सांगते" असे त्या म्हणाल्या, तर तेही चांगलेच उत्तर आहे.

उत्तर कसे येते याकडे लक्ष द्यावे. आकडा, तारीख किंवा माणसाचे पद सांगून उत्तर आले तर ते धरून चालावे. "आपल्याकडे सगळं घरच्यासारखं असतं" असे आले तर तोच प्रश्न गोडीने पुन्हा विचारावा. शेवटी "वॉर्ड बघू का?" म्हणावे. वॉर्डात हात धुवायच्या जागी साबण आहे का, वापरलेल्या सुया टाकायला वेगळा डबा आहे का, सिस्टर लोकांच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे दोन मिनिटांत कळते. आणि बाहेर पडताना एखाद्या मावशीला किंवा मामाला विचारावे, "इथे सिस्टर टिकतात का हो?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा खरे येते.

आता दोन शब्द वडिलांना. मुलीसोबत जरूर जा. दवाखाना कुठे आहे, रस्ता कसा आहे, राहायची खोली कशी आहे, ते डोळ्यांनी पाहा. पण मुलाखतीच्या खोलीत जाऊ नका. रात्री वॉर्डात तुम्ही नसणार, ती असणार. तिथे जिला डॉक्टरांना उठवून "सर, रुग्णाचं लक्षण बरं दिसत नाही, तुम्ही या" असे सांगायचे आहे, तिला आधी स्वतःसाठी एक प्रश्न विचारता आला पाहिजे.

आमच्या थोरलीने दुसऱ्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न काल रात्रीचा विचारला. मेट्रनबाईंनी रजिस्टर उघडले आणि सांगितले, "चौदा रुग्ण होते, दोन सिस्टर होत्या. तिसरी आजारी होती, ते मला आवडलं नाही." पगार पहिल्या दवाखान्यापेक्षा पंधराशे रुपयांनी कमी होता. तरी तिने तीच नोकरी धरली आणि ती अजून तिथेच आहे.

आता ती वॉर्डची इनचार्ज आहे आणि नव्या मुलींच्या मुलाखतीला मेट्रनबाईंच्या शेजारी बसते. परवा सुटीवर आली तेव्हा सांगत होती, एक मुलगी वडिलांसोबत आली होती. "काही विचारायचं आहे का?" म्हटल्यावर वडीलच बोलले, "काही नाही मॅडम, तुम्ही द्याल ते."

"मग तू काय केलंस?" मी विचारले.

"काय करणार? म्हटलं, काका, तुम्ही जरा बाहेर बसून चहा घ्या. तिला काहीतरी विचारायचंय."